वाड्यातली नक्षी कशी वाचायची? सुरूच्या खांबापासून कडीपाटापर्यंत

पुण्यातला विश्रामबाग वाडा किंवा वाईजवळचा नाना फडणवीसांचा मेणवलीचा वाडा (‘स्वदेस’ चित्रपटाचे चित्रीकरण इथेच झाले) पाहिला की बहुतेक जण कोरीव खांबापाशी फोटो काढतात. पण ही नक्षी वाड्यात ठरावीक जागीच का दिसते, हे समजले की वाडा पाहण्याची पद्धतच बदलते. जुन्या धाटणीचे घर सजवणाऱ्यांनाही ही माहिती उपयोगी पडते.

वाडा कशावर उभा असतो?

पेशवेकालीन वाड्याचा मुख्य आधार म्हणजे सागवानी सांगाडा. दगडी जोत्यावर खांब, खांबावर तुळई, तुळईवर कड्या आणि कड्यांवर फळ्या. या छताला ‘कडीपाट’ म्हणतात. खांब थेट जमिनीत रोवत नाहीत, तो ‘तळखडा’ नावाच्या दगडी बैठकीवर उभा करतात. त्यामुळे जमिनीतली ओल लाकडात चढत नाही.

दोन खांबांमधल्या जागेला ‘खण’ म्हणतात. तुळईची लांबी मिळेल त्या लाकडावर अवलंबून असल्याने खोलीचे मापही खणातच सांगितले जाई. ‘पाच खणी दिवाणखाना’ हा शब्दप्रयोग त्यातूनच आला.

नक्षी नेमकी कुठे असते?

लाकूड लाकडाला जिथे मिळते, तिथे नक्षी सर्वाधिक दिसते. खांब आणि तुळई यांच्यामध्ये आडवा ‘हस्त’ बसवलेला असतो. तो तुळईला खालून जास्त लांबीचा आधार देतो. हा तुकडा जाड असतो आणि नजरेच्या टप्प्यात येतो. म्हणून पाने, कमळे, केळफूल असे आकार त्यावर कोरले जातात.

दोन खांबांमधली पाकळ्यांची महिरप मात्र बहुतेक वेळा फळ्यांची असते आणि तिच्यावर छताचा भार नसतो. दगडी कमान वजन पेलते, तर लाकडी महिरप फक्त चौकट सजवते.

‘सुरूचा खांब’ आला कुठून?

खाली पानांच्या गुच्छातून फुगून निघणारा आणि वर निमुळता होत जाणारा हा खांब सुरूच्या झाडासारखा दिसतो, म्हणून हे नाव. सतराव्या शतकात शहाजहानच्या आग्रा आणि दिल्लीतल्या महालांत असे खांब संगमरवरात घडवले गेले. पुढे मराठी सुतारांनी तोच आकार सागवानात उतरवला.

दुसऱ्या बाजीरावाच्या काळात, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला बांधलेल्या विश्रामबाग वाड्याच्या दर्शनी सज्जात आणि दिवाणखान्यात हे खांब आजही पाहता येतात. १८७९ साली या वाड्याला आग लागली होती. शनिवारवाड्याच्या वाट्याला तेवढेही नशीब आले नाही. १७३२ मध्ये वास्तुशांत झालेल्या या वाड्याचे लाकूडकाम १८२८ च्या आगीत गेले. त्यामुळे आज तिथे तटबंदी, दरवाजे आणि जोती एवढेच दिसते.

साधेपणालाही जागा

सगळा वाडा कोरीव नसतो. पाहुणे बसतात तो दिवाणखाना, रस्त्याकडचा सज्जा आणि देवघर इथे सुताराचा हात मोकळा सुटतो. माजघर, स्वयंपाकघर आणि कोठीत मात्र साधे चौकोनी खांब, कोनाडे आणि खुंट्या असतात. देवडीतून चौकात, चौकातून ओसरीवर आणि तिथून दिवाणखान्यात जाताना नक्षी वाढत जाते. आधीच्या जागा साध्या असतात म्हणूनच दिवाणखाना उठून दिसतो.

आजच्या घरात काय करता येईल?

- एकच जागा निवडावी. दिवाणखान्यातली एक चौकट कोरीव असेल, तर बाकी भिंती चुन्यासारख्या फिक्या आणि मोकळ्या ठेवाव्यात.
- खांब सारख्या अंतरावर असावेत. शोभेचे खांब वेड्यावाकड्या अंतरावर आले की नाटकाच्या सेटसारखे दिसतात.
- खांबाखाली दगडी बैठक आणि वर हस्त असू द्यावा. या दोन्हींशिवाय खांब अधांतरी वाटतो.
- जुन्या लाकडाला ऑइल पेंट लावू नये. थरावर थर चढले की बारीक खाचा बुजतात.

जुना खांब विकत घेण्याआधी

भाडेकरू-मालक वाद, अनेक वारसांत विभागलेली मालकी आणि न परवडणारी डागडुजी यांमुळे पुण्या-नाशकातले कितीतरी वाडे पाडले गेले. त्यांचे खांब आणि दरवाजे जुन्या बाजारात येतात. तिथे खांब कापून त्याचे दिव्याचे स्टँड किंवा टेबलाचे पाय केले जातात. एकदा कापलेला खांब दुसऱ्या वाड्याच्या दुरुस्तीला उपयोगी पडत नाही.

१९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार इमारतीतून काढलेली आणि किमान १०० वर्षे जुनी वस्तू पुरावस्तू ठरू शकते. अशा वस्तूंच्या व्यापाराला परवाना लागतो आणि खासगी व्यक्तीला त्या परदेशी नेता येत नाहीत. म्हणून विक्रेत्याला परवाना आणि वस्तू कुठून आली हे विचारावे. शंका असेल तर स्थानिक सुताराकडून नवा खांब घडवून घेणे बरे. त्याने खर्च वाढू शकतो, पण एखादा उभा वाडा मोडला जात नाही आणि ही सुतारकी येणाऱ्या हातांना काम मिळते.