चार पट जवळ

नेरूळच्या आमच्या घरात पुस्तकांच्या कपाटाच्या खालच्या खणात चामड्याचे एक नळकांडे आहे. त्यात दीड वीत लांबीची, पोलादी अंगाची एक दुर्बीण आहे. हाताळून हाताळून तिच्या अंगाची निळसर झाक गेली आहे. बनवणाऱ्याचे नाव झिजले आहे, पण ४ हा आकडा अजून स्वच्छ वाचता येतो. ही माझ्या आजोबांच्या बंदुकीवरची दुर्बीण. आजोबा परतवाड्याला वकिली करत आणि रीतसर परवाना काढून मेळघाटात शिकारीला जात. १९४७ साली मायदेशी परतणाऱ्या एका इंग्रज अधिकाऱ्याकडून त्यांनी बंदूक आणि दुर्बीण विकत घेतली होती. ते गेल्यावर बंदूक सरकारजमा झाली. दुर्बीण मागे राहिली.

शिकारीचे मला कधी आकर्षण वाटले नाही. पण हा ४ मला बरीच वर्षे छळत होता. अधिक जवळचे दाखवणारी दुर्बीण मिळत असताना एखादा शिकारी चारावरच का थांबतो? आणि ज्या आजोबांनी एवढी जपून ती आणली, त्यांनीच ती पुढे बंदुकीवरून का उतरवली? पहिल्या प्रश्नाचे उत्तर इतिहासात आणि प्रकाशशास्त्रात सापडले. दुसऱ्याचे आत्याकडे होते.

मृगयेवर लिहिणे आपल्याकडे नवे नाही. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लासा’त राजाच्या करमणुकींमध्ये मृगयेचे तपशीलवार वर्णन आहे. तिथे सगळी भिस्त जनावराच्या जवळ जाण्यावर आहे. धनुष्य, भाला, पुढे तोड्याची बंदूक, ठासणीची बंदूक ही सारी जवळच्या अंतराची हत्यारे होती. कोल्हापूरच्या शाहू महाराजांच्या काळात माळावर काळविटामागे शिकवलेले चित्ते सोडत. त्यातही माणसाने आधी चित्त्याला सावजाच्या टप्प्यात न्यावे लागे. अंतर तोडणे हेच शिकाऱ्याचे कसब होते.

दुर्बिणीने हे गणित बदलले. अमेरिकेत १८४०च्या दशकात बंदुकीच्या नळीइतक्या लांब दुर्बिणी बनू लागल्या होत्या. १८५५ साली विल्यम माल्कम याने न्यूयॉर्क राज्यातील सिराक्यूज येथे त्यांचा कारखाना काढला आणि तिथल्या यादवी युद्धात त्या नेमबाजांच्या हाती गेल्या. आटोपशीर शिकारी दुर्बीण मात्र युरोपची. व्हिएन्नाच्या काह्लेस कंपनीने १९०० साली ‘टेलोरार’ बाजारात आणली. पहिल्या महायुद्धात जर्मन सैन्याने सुरुवातीला शिकाऱ्यांच्याच दुर्बिणीवाल्या बंदुका आघाडीवर नेल्या. दोन युद्धांच्या मधल्या काळात झाइस कंपनीने आपल्या दुर्बिणींना त्यांच्या वर्धनावरूनच नावे दिली होती. ‘त्सीलफीर’ म्हणजे चारपट, ‘त्सीलझेक्स’ म्हणजे सहापट, ‘त्सीलआख्त’ म्हणजे आठपट. गिऱ्हाइकाने दुकानात शिरतानाच आपला आकडा ठरवलेला असे. नंतर बदलण्याची सोय नव्हती.

या निवडीचे तर्कशास्त्र सोपे आहे. चारपट दुर्बिणीतून शंभर मीटरवरचे सांबर पंचवीस मीटरवर उभे असल्यासारखे दिसते. मग आठपट घेतली तर? जनावर मोठे दिसेल, पण दिसणारा प्रदेश आक्रसेल. शंभर मीटरवर चारपट दुर्बिणीत साधारण दहा मीटर रुंदीचा पट्टा मावतो, आठपटीत त्याच्या निम्मा. शिवाय हाताची थरथरही तितक्याच पटीने वाढते. श्वासाबरोबर फुली जनावराच्या अंगावरून वर-खाली होत राहते आणि चापावरचे बोट घाबरते.

दुसरी गोष्ट उजेडाची. पुढच्या भिंगाचा व्यास भागिले वर्धन, एवढी प्रकाशाची चकती डोळ्यापाशी पोचते. बत्तीस मिलिमीटरच्या भिंगाला चारपट वर्धन असेल तर ही चकती आठ मिलिमीटरची होते. तरुण माणसाची बाहुली अंधारात सुमारे सात मिलिमीटरपर्यंत उघडते. म्हणजे डोळ्याला पेलेल तेवढा सगळा उजेड मिळतो. तेच भिंग आठपटीला जोडले की चकती चार मिलिमीटरवर येते आणि ऐन तिन्हीसांजेला, जनावर पाण्यावर येण्याच्या वेळी, चित्र काळवंडते. चार हा असा जागा, उजेड आणि हात या तिघांशी केलेला समझोता होता.

वर्धन कमी-जास्त करता येणाऱ्या दुर्बिणी १९५०च्या दशकात अमेरिकेत पसरू लागल्या. पण सुरुवातीच्या दुर्बिणींत कडे फिरवले की गोळीचा ठिकाणाही थोडा सरके. एका वर्धनावर बसवलेला नेम दुसऱ्यावर खरा उतरेल याची खात्री नसे. स्थिर दुर्बिणीत हलणारे भाग कमी, म्हणून बिघडण्याच्या जागाही कमी. आपल्या हवेत तर हे फारच महत्त्वाचे. नळीत नायट्रोजन भरून ती हवाबंद करण्याची रीत दुसऱ्या महायुद्धानंतर रुळली. त्याआधीच्या दुर्बिणींत पावसाळ्याची वाफ शिरे आणि भिंगांना आतून बुरशी धरे. नवी मुंबईच्या खाडीकाठच्या दमट हवेने आमच्या दुर्बिणीचेही तेच केले आहे. एका कडेला कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी पसरली आहे.

तरीही भारतातील जुन्या शिकाऱ्यांच्या हाती दुर्बीण क्वचितच दिसते. १९०७ साली चंपावतची वाघीण मारणाऱ्या जिम कॉर्बेटला बक्षीस मिळालेली रिग्बी बंदूक साध्या नेमाचीच होती. कारण आपल्या रानात आहे. हाका घालून किंवा मचाणावर बसून केलेल्या शिकारीत वाघ वीस मीटरवर येतो. त्या अंतरावर चारपट दुर्बिणीत जेमतेम दोन मीटर जागा मावते. नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत वाघ त्याहून लांब. म्हणजे दुर्बिणीत वाघ दिसतच नाही, नुसते पट्टे दिसतात. हे खांदा आहे की मांडी, हे ठरवेपर्यंत झुडूप रिकामे होते. त्यात गव्यासाठी वापरल्या जाणाऱ्या जड बंदुकांचा धक्का असा, की तीन इंचांवर असलेली दुर्बिणीची कड भुवई फोडायची. अशा वेळी नळीच्या टोकावरची साधी माशीच उपयोगी. दुर्बीण खरी कामाची ती सोलापूर-नगरच्या उघड्या माळांवर, जिथे काळवीट दीड-दोनशे मीटरच्या आत येऊ देत नाही, किंवा हिमालयात.

मग मेळघाटात शिकार करणाऱ्या वकिलाला ती कशाला हवी होती? मी आत्याला विचारले. तिचे वय आज नव्वदीला टेकले आहे.

“आबांना वाटायचं, नीट दिसलं की जनावर हाल होऊन मरणार नाही,” ती म्हणाली.

यात तथ्य होते. संधिप्रकाशात साध्या नेमाने डागलेली गोळी पोटात लागते, जनावर जखमी होऊन निघून जाते आणि दोन दिवस मरत राहते. खांद्यामागची नेमकी जागा दिसणे ही दयाच होती. मग ती उतरवली का? आत्याने सांगितलेली हकीकत अशी. एका हिवाळ्यात आजोबांना नाल्यापलीकडच्या उतारावर एक सांबर दिसले. सोबतचा कोरकू वाटाड्या हातानेच नको म्हणत होता. फार लांब आहे, मधे नाला आहे. पण दुर्बिणीत सांबराच्या कानाची हालचालसुद्धा दिसत होती. आजोबांनी बार काढला. सांबर बसले, उठले आणि बांबूत शिरले. नाला ओलांडून पलीकडे पोचेपर्यंत अंधार झाला. दुसऱ्या दिवशी दोघे दुपारपर्यंत रक्ताच्या मागावर होते. मग माग खडकावर संपला.

घरी आल्यावर आजोबांनी दुर्बीण काढून नळकांड्यात ठेवली. त्यानंतरही ते काही वर्षे शिकारीला जात राहिले, पण साध्या माशीवर. जवळ जाता आले तर बार, नाही तर परत. वाटाड्याने काय सांगितले होते ते आपल्याला ऐकू आले होते आणि तरी ऐकले नाही, हे ते आत्याला पुन्हा पुन्हा सांगत.

मला हे कळल्यावर त्या ४ कडे पाहण्याची दृष्टी बदलली. दुर्बीण अंतर तोडत नाही, अंतर तुटल्याचा भास देते. गोळीला शंभर मीटर शंभरच असतात; वारा, उतार, फांदी सगळे मधे तसेच असते. आकडा जितका मोठा, तितका हा भास बळकट. म्हणून मोठ्या जनावरासाठी कमी वर्धनाची, एकाच आकड्याची दुर्बीण घ्यावी, या जुन्या शिकाऱ्यांच्या सल्ल्यात भिंगांच्या हिशेबाइतकाच स्वतःला आवर घालण्याचाही हिशेब होता, असे मला वाटते. माझ्या आजोबांना चारसुद्धा जास्त झाले.

पुढे हा आवर कायद्याने घातला. आज विचित्र वाटेल, पण १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात मुळात ‘मोठी शिकार’ ही अधिकृत वर्गवारी होती. तिचा वेगळा परवाना होता आणि चितळ, सांबर, नीलगाय, रानडुक्कर तिच्या यादीत होते. गाडीतून, रात्री, कृत्रिम उजेडात किंवा पाणवठ्यावर शिकार करण्यास त्याच कायद्याच्या सतराव्या कलमाने मनाई केली होती. म्हणजे जनावराला निसटायची संधी असावी, हे तत्त्व कायद्याने मानले होते. १९९१च्या दुरुस्तीने हे परवानेच गेले. मेळघाट तोवर व्याघ्रप्रकल्पात आला होता. कोल्हापूर संस्थानचे राखीव शिकारीचे रान असलेल्या दाजीपूरला तर १९५८ सालीच गव्यांसाठी अभयारण्य झाले होते.

गेल्या हिवाळ्यात मी ती दुर्बीण घेऊन नेरूळच्या तळ्याकाठी गेलो. रोहित आले होते. बुरशीच्या जाळीतून गुलाबी पिसारा दिसला आणि त्याच्या बरोबर मध्यावर काळी फुली. मी हात लगेच खाली घेतला. शेजारी पक्षी पाहायला आलेल्या मुलीने तिची आठपट दुर्बीण माझ्यापुढे धरली. तीत फुली नव्हती. चिखलात चोच उलटी घालून चरणारा पक्षी मी बराच वेळ पाहिला. पाहणाऱ्याला आठपट चालते. त्याला पुढे काही करायचे नसते.

घरी येऊन दुर्बीण पुसून पुन्हा नळकांड्यात ठेवली. बुरशी काढून घ्यावी का, असे आत्याला फोनवर विचारले. ती म्हणाली, “राहू दे. आबांनी परत लावली नव्हती.”