भोपळ्याच्या मळ्यातला हॅलोवीन

सप्टेंबर सरत आला, की अमेरिकेतील शहरांबाहेरच्या रस्त्यांवर भोपळ्याची चित्रे रंगवलेल्या पाट्या दिसू लागतात आणि शनिवार-रविवारी त्या पाट्यांच्या रोखाने मोटारींची रांग लागते. हॅलोवीनचा सण ३१ ऑक्टोबरचा. परंतु लहान मुले असलेल्या असंख्य घरांत त्याची खरी सुरुवात होते ती मळ्यावर जाऊन आपल्या हाताने भोपळा निवडण्यापासून. न्यू जर्सीसारख्या राज्यात स्थायिक झालेली मराठी कुटुंबेही, दिवाळीच्या तयारीतून सवड काढून, या गर्दीत दिसतात.

या सणाचे मूळ आयर्लंडमधील 'साविन' या केल्टिक उत्सवात सापडते. सुगी संपून हिवाळा सुरू होण्याच्या त्या संधिकाळात मृतात्मे जिवंतांच्या जगात येतात, अशी समजूत होती. पुढे १ नोव्हेंबर हा ख्रिस्ती धर्मात सर्व संतांचा दिवस ठरला आणि त्याची पूर्वसंध्या म्हणजे हॅलोवीन. आयर्लंडमध्ये सलगम कोरून त्यात दिवा ठेवीत. १८४० च्या दशकातील बटाट्याच्या दुष्काळानंतर आयरिश निर्वासित मोठ्या संख्येने अमेरिकेत आले. तेथे त्यांना सलगमाहून कितीतरी मोठा आणि कोरायला सोपा भोपळा मिळाला. आपल्याकडे पितृपक्षातील नैवेद्यात अनेक घरी लाल भोपळ्याची भाजी असते, हा निव्वळ योगायोग. पण तो भोपळाही मूळचा अमेरिकेचाच.

मळ्यावरचा दिवस साधारण ठरलेला असतो. ट्रॅक्टरमागे जोडलेल्या गाडीत गवताच्या पेंढ्यांवर बसून मंडळी शेतात जातात. वेल तोवर वाळलेले असतात आणि केशरी भोपळे मातीत उघडे पडलेले असतात. मुले देठाला धरून भोपळा उचलू पाहतात आणि मोठी माणसे त्यांना थांबवतात, कारण देठ तुटला की तेथून भोपळा लवकर सडतो. मग गरम सफरचंदाचा रस व डोनट, आणि वाळूऐवजी मक्याचे दाणे भरलेल्या हौदात मुलांची लोळण. पुरुषभर उंचीच्या मक्यात वाटा कापून केलेला चक्रव्यूह तर आता जणू अनिवार्यच झाला आहे. ही कल्पना मात्र जुनी नाही. आधुनिक स्वरूपाचा पहिला असा चक्रव्यूह १९९३ मध्ये पेनसिल्व्हेनियातील ॲनव्हिल येथे उभारला गेला. कॅलिफोर्नियातील डिक्सन येथे २०१४ मध्ये साकारलेला चक्रव्यूह ६० एकरांचा होता.

विशेष म्हणजे एवढ्या हौसेने घरी नेलेला हा भोपळा खाण्यासाठी फारसा उपयोगाचा नसतो. मॅसॅच्युसेट्समधील एका शेतकऱ्याने विकसित केलेला 'हाउडन' हा वाण कोरण्यासाठी लोकप्रिय आहे: कडक साल, भक्कम देठ, आत पाणचट व तंतुमय गर. डबाबंद गरासाठी वेगळा, फिकट सालीचा भोपळा लावतात. तो वनस्पतिशास्त्रदृष्ट्या आपल्या लाल भोपळ्याचा सख्खा भाऊ. त्याचे मोठे केंद्र इलिनॉय राज्यातील मॉर्टन गावाच्या परिसरात आहे.

कोरण्याच्या भोपळ्याला पेरणीपासून सुमारे साडेतीन ते चार महिने लागतात. मे-जूनमध्ये पेरलेले पीक ऑक्टोबरच्या चार-पाच शनिवार-रविवारांतच विकले जावे लागते. त्यातील दोन पावसात गेले, तर वर्षाचे गणित कोलमडते, आणि १ नोव्हेंबरला त्याच भोपळ्याला कोणी विचारीत नाही. म्हणूनच शेतकरी भोपळ्याइतकाच, किंबहुना अधिक, दिवस विकतो: प्रवेश, गाडीची फेरी, चक्रव्यूह, खाणे. अमेरिकेच्या कृषिगणनेनुसार कृषी पर्यटनाचे उत्पन्न २०१२ मध्ये सुमारे ७० कोटी डॉलर होते. २०१७ मध्ये ते ९५ कोटींच्या जवळ पोहोचले. शहराच्या वेशीवर, जेथे जमिनीला घरबांधणीचा भाव येतो, तेथे लहान शेत टिकवून धरण्यात या उत्पन्नाचा मोठा वाटा असतो. महाराष्ट्रात हुरडा पार्ट्यांनी अनेक शेतकऱ्यांना हाच मार्ग दाखविला आणि २०२० मध्ये राज्याने कृषी पर्यटन धोरणही स्वीकारले.

मार्ग निसरडाही आहे. पीक कमी पडले तर काही मळेवाले बाहेरून भोपळे विकत आणून शेतात मांडून ठेवतात. मुलांना ते कळत नाही, इतकेच. कॅलिफोर्नियातील 'नॉट्स बेरी फार्म' एकेकाळी खरोखर बेरीचा मळा होता. १९७३ पासून तेथे हॅलोवीनचे भुताटकीचे खेळ सुरू झाले. आज ते मनोरंजन उद्यान आहे, नावापुरते शेत. धोक्याची बाजूही दुर्लक्षिण्याजोगी नाही. ऑक्टोबर २०१४ मध्ये मेन राज्यात एका मळ्यावरील गवताच्या गाडीला अपघात होऊन एका किशोरवयीन मुलीचा मृत्यू झाला आणि वीसहून अधिक जण जखमी झाले. अनेक राज्यांत शेतातील अंगभूत धोक्यांपुरते शेतकऱ्याचे दायित्व मर्यादित करणारे कायदे आहेत आणि त्याची सूचना फाटकावर लावलेली असते. गाडीत चढण्याच्या घाईत ती वाचणारे थोडेच.

सण सरला, की घरोघरचे कोरलेले भोपळे कचऱ्यात जातात. काही गावे ते गोळा करून त्यांचे खत करतात. शेतात उरलेले भोपळे गुरांपुढे टाकतात किंवा नांगराखाली मातीत मिसळतात. भोपळ्याची मूळकूज करणारा रोग जमिनीत काही वर्षे तग धरतो, त्यामुळे जाणता शेतकरी पुढच्या हंगामात तेथे दुसरे पीक घेतो. वर्षभराने तीच पाटी पाहून आलेल्या कुटुंबाला ट्रॅक्टर बहुधा वेगळ्याच शेताकडे घेऊन जातो.