दळणाचे दगड: बायबलकालीन घरातील एका श्रमाचा इतिहास

बायबलमध्ये ज्या घरगुती वस्तूंचा उल्लेख पुनःपुन्हा येतो, त्यांत धान्य दळण्याच्या दगडांचे स्थान वेगळे आहे. मोशेचे नियमशास्त्र, युद्धकथा, संदेष्ट्यांचे इशारे आणि येशूची शिकवण अशा परस्परांपासून दूर असलेल्या भागांत हे दगड भेटतात, आणि दळणारी व्यक्ती जवळजवळ नेहमीच घरातील स्त्री असते, नाहीतर दासी किंवा कैदी. हे उल्लेख निव्वळ अलंकार म्हणून वाचले, तर त्यांमागचे श्रम दिसेनासे होतात. त्यातच हे साधन शतकानुशतके एकसारखे राहिलेले नाही, हे ध्यानात न घेतल्याने अनेक प्रसंगांचे चित्र वाचकाच्या मनात चुकीचे उभे राहते.

जुन्या करारातील बहुतेक प्रसंग ज्या काळातले आहेत, त्या काळात पॅलेस्टाइनमध्ये खुंटा धरून फिरवण्याचे वर्तुळाकार जाते नव्हते. घरोघरी होता तो आपल्याकडील पाट्या-वरवंट्याच्या जवळचा दगडांचा जोड: खाली वापराने मध्यभागी खोलगट झालेली लांबट शिळा आणि वर दोन्ही हातांत मावणारा, पावाच्या आकाराचा दगड. दळणारी शिळेच्या एका टोकाशी गुडघे टेकून बसे, धान्य पसरून वरचा दगड अंगाच्या भाराने पुढे रेटी आणि मागे ओढी. ही रीत बायबलहून कितीतरी जुनी आहे. गालील सरोवराच्या काठी ओहालो येथे सापडलेल्या सुमारे २३,००० वर्षांपूर्वीच्या शिळेवर रानटी तृणधान्यांच्या पिठाचे कण आढळले आहेत. सीरियातील फरात नदीकाठच्या अबू हुरेरा या नवाश्मयुगीन वस्तीतील सांगाडे तपासून थेया मॉलेसन यांनी १९९४ साली जे मांडले, त्यात या कामाची किंमत स्पष्ट दिसते. पायाचे अंगठे दुमडून तासन्‌तास बसल्याने अंगठ्यांच्या सांध्यांत झालेला बिघाड, गुडघ्यांवरील ताणाच्या खुणा आणि पाठीच्या खालच्या मणक्यांची झीज या गोष्टी त्या हाडांत उतरल्या होत्या.

एका कुटुंबाला पुरेल एवढे पीठ अशा शिळेवर काढण्यास रोज सुमारे तीन तास लागत असावेत, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. साठवण धान्याची होत असे, पिठाची नव्हे, कारण दळलेले पीठ टिकत नाही. त्यामुळे दळण हे रोजचेच काम होते. लोहयुगीन घरांच्या उत्खननात काही ठिकाणी एकाच खोलीत दगडांचे अनेक जोड सापडतात, त्यावरून शेजारपाजारच्या स्त्रिया एकत्र बसून दळत असाव्यात असे अनुमान निघते. दगडाची जातही महत्त्वाची होती. यहूदियाच्या डोंगराळ भागात चुनखडक विपुल असला तरी तो लवकर झिजतो आणि त्याची कच पिठात मिसळते. गालील, गोलान आणि हौरान या ज्वालामुखीय प्रदेशांतील काळा बेसाल्ट मात्र सच्छिद्र असतो, आणि पृष्ठभाग झिजला की आतल्या छिद्रांच्या नव्या कडा उघड्या पडून दगडाची धार टिकून राहते. म्हणूनच बेसाल्टचे दगड ज्या भागांत हा खडक मुळीच मिळत नाही, तेथेही नेले जात. ईयोबाच्या पुस्तकात जलचर प्राण्याच्या काळजाच्या कठीणपणासाठी जोडातल्या खालच्या दगडाची, म्हणजे खालच्या तळीचीच उपमा निवडलेली आहे.

शास्ते या पुस्तकातील दोन कथा या साधनाच्या आकारावरच उभ्या आहेत. तेबेस नगराचा बुरूज जाळण्यासाठी दाराशी आलेल्या अबीमलेख राजाच्या डोक्यावर एक स्त्री वरची तळी टाकते आणि त्याची कवटी फुटते. मोठ्या जात्याची तळी एकटीने बुरुजावरून फेकणे अवघड होते. रोज हाताळायचा, काही किलो वजनाचा रगड्याचा दगड मात्र तिच्या हाताला सवयीचा होता. स्त्रीच्या हातून मेल्याचा कलंक लागू नये म्हणून अबीमलेख आपल्या शस्त्रवाहकाला स्वतःला ठार करण्यास सांगतो, आणि तरीही दावीद राजाच्या काळी त्याचा सेनापती यवाब याच्या तोंडी त्या स्त्रीची आठवण येतेच.

दुसरी कथा शमशोनाची. डोळे फोडून, बेड्या घालून त्याला गज्जा येथील बंदिगृहात दळायला बसवले जाते. गाढवासारखा भले मोठे चाक ओढणारा शमशोन अनेक चित्रकारांनी रंगवला आहे, परंतु जनावराने फिरवण्याचे जाते तेथे पोहोचण्यास अजून जवळजवळ हजार वर्षांचा अवधी होता. शिक्षेची तीव्रता ओझ्यात नव्हती. सिंहाला फाडणारा वीर दासीच्या जागी गुडघे टेकून, शिळेवर वाकून बसला, हा तिचा गाभा होता. निर्गमाच्या पुस्तकात मिसरमधील प्रथमजन्मलेल्यांच्या मृत्यूची व्याप्ती सांगताना एका टोकाला सिंहासनावरील फारो आहे, तर दुसऱ्या टोकाला जात्यामागे बसणारी दासी. यशया बाबेलला राणीपण सोडून दळायला बसण्यास सांगतो, आणि यरुशलेमेच्या पाडावानंतरची विलापगीते तरुणांवर दळणाची सक्ती झाल्याचे दुःख नोंदवतात. मेसोपोटेमियात तर इ.स.पू. २१व्या शतकातील उर येथील तिसऱ्या राजवंशाच्या मृत्तिकालेखांत दळणाऱ्या स्त्रियांच्या तुकड्यांना दिलेल्या धान्याच्या नोंदी आहेत. हा श्रम राज्यसंस्थेने फार पूर्वीच हिशेबात बांधला होता.

ग्रीक सत्तेच्या काळात बदल सुरू झाला. प्रथम आला तो ओलिंथस पद्धतीचा दगड. इ.स.पू. ३४८ मध्ये मॅसिडोनियाच्या फिलिपने उद्ध्वस्त केलेल्या ग्रीक नगरावरून त्याला हे नाव मिळाले आहे. त्याच्या वरच्या चौकोनी तळीला धान्य ओतण्याची खाच असून आडवी दांडी धरून ती तळी पुढे-मागे हलवीत. भूमध्य समुद्राच्या पश्चिम भागात उदयास आलेले फिरते जाते त्यानंतर पूर्वेकडे रुळले आणि रोमन काळात त्याच्या जोडीला गाढवाने फिरवण्याचे मोठे जातेही आले. गालील सरोवराकाठच्या कफर्णहूमच्या अवशेषांत काळ्या बेसाल्टची अशी जाती आजही पाहायला मिळतात. लहानग्यांना अडखळवणाऱ्याच्या गळ्यात मोठी तळी बांधून त्याला समुद्रात बुडवणे बरे, हे येशूचे वचन मार्क आणि मत्तय यांच्या शुभवर्तमानांत कफर्णहूममधील प्रसंगाला जोडलेले आहे, आणि मूळ ग्रीकमध्ये तेथे गाढवाच्या जात्याचाच दगड अभिप्रेत आहे. तसा दगड आणि खोल पाणी या दोन्ही गोष्टी ऐकणाऱ्यांच्या नजरेच्या टप्प्यात होत्या. दोघी दळत असता एक घेतली जाईल व एक ठेवली जाईल, हे वचन मात्र घरातल्या लहान जात्याचे आहे.

याच सुमाराच्या शतकांत दख्खनमध्येही असेच स्थित्यंतर घडले, ही बाब मराठी वाचकाला विशेष जवळची आहे. घोड नदीकाठच्या इनामगाव या ताम्रपाषाणयुगीन वस्तीत पाट्याच्या घडणीच्या शिळा मिळतात, तर सातवाहन काळाच्या थरांत फिरती जाती दिसू लागतात. भारतातील फिरत्या जात्यांच्या उगमाचा प्रश्न ह. धी. सांकलिया यांनी १९५९ साली स्वतंत्र निबंधातून चर्चेला घेतला. दगड येथेही बेसाल्टच होता, आणि पहाटेचे दळण येथेही स्त्रियांकडेच राहिले. हेमा रैरकर आणि गी प्वातवँ यांच्या पुढाकाराने जमलेल्या एक लाखाहून अधिक ओव्यांमुळे त्या श्रमाला निदान स्वतःचा आवाज लाभला. बायबलमध्ये दळणारीचे शब्द कुठेच नाहीत, तिच्या दगडाचा आवाज तेवढा आहे. यिर्मया ओसाड होणाऱ्या देशाचे वर्णन करतो, तेव्हा जात्याचा घरघराट आणि दिव्याचा उजेड एकाच वेळी नाहीसे होतील असे म्हणतो. जेथे दळण थांबले, तेथे वस्ती उरलेली नाही, हे त्या काळच्या प्रत्येकाला न सांगता कळत होते.

या सर्व उल्लेखांत ‘अनुवाद’ या पुस्तकातील एक नियम सर्वाधिक मोलाचा ठरतो. कर्जापोटी जाते किंवा त्याची वरची तळी गहाण घेऊ नये, कारण तसे करणे म्हणजे माणसाचा जीवच गहाण घेणे, असे तो बजावतो. वरची तळी नेली की खालची निरुपयोगी होते, घरातले धान्य तसेच पडून राहते आणि त्याच दिवशी चूल थंडावते. सावकाराला हे ठाऊक असल्यानेच हलका, सहज उचलता येणारा वरचा दगड नेण्याचा मोह त्याला होत असला पाहिजे, आणि म्हणूनच नियमाने त्याचा वेगळा उल्लेख केला आहे. इ.स. २००च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्ना या यहुदी विधिग्रंथात पंडितांनी हा नियम अधिक कडक केला. जाते गहाण घेणाऱ्यावर दोन तळ्यांबद्दल दोन स्वतंत्र दोष ठेवले गेले, आणि ज्या ज्या साधनाने जगण्यापुरते अन्न तयार होते, ते प्रत्येक साधन या मनाईच्या कक्षेत आणले गेले.