मेंदूंतील पाण्याची वाट

माणसाचा मेंदू हा भरीव गोळा नाहीं. त्याच्या आंत चार पोकळ्या आहेत. त्यांत पाण्यासारखा स्वच्छ द्रव पाझरतो, मेंदूभोंवतीं व कण्यांत फिरतो आणि पुन्हां रक्तांत जिरतो. प्रौढ माणसाच्या ठायीं एका वेळीं हा द्रव सुमारें १५० घनसेंटिमीटर असतो. पण दिवसाकांठीं नवा तयार होतो तो सुमारें ५०० घनसेंटिमीटर. रक्तस्राव, गांठ किंवा क्षयजन्य मेंदूज्वर यांमुळें त्याची वाट तुंबली, तर कवटी ताणत नसल्यामुळें सारा भार मेंदूवर येतो. रोगी गुंगतो, भान हरपतें, आणि पाणी वेळेवर बाहेर काढलें नाहीं तर प्राणहि जातो. ही वाट माणसानें कशी काढली, तें आज सांगावयाचें आहे.

पोकळींतील पाणी काढल्याची एक जुनी लेखी नोंद फ्रान्समधील शस्त्रवैद्य ल का यांची, १७४४ सालची आहे. त्या काळीं जंतूंची ओळख जगाला नव्हती. जखमेंतून शिरलेली घाण रोग्याचा घात करी. १८६७ मध्यें लिस्टर यांनीं कार्बोलिक आम्लाची रीत प्रसिद्ध केली, तेव्हां कोठें कवटी उघडण्याचें धैर्य वाढलें.

पुढचा प्रश्न नेमकेपणाचा होता. स्विस शस्त्रवैद्य थिओडोर कोखर यांच्या नांवानें ओळखला जाणारा बिंदु नाकाच्या मुळापासून सुमारें ११ सेंटिमीटर मागें आणि मध्यरेषेपासून सुमारें ३ सेंटिमीटर बाजूला असतो. वाचेचें केंद्र बहुधा डावीकडे असल्यामुळें उजवी बाजू पसंत करतात. तेथें हाडाला छिद्र पाडून नळी आंत घालावयाची. तिचा मार्ग ठरतो तो भूमितीनें: एक पातळी त्याच बाजूच्या डोळ्याच्या आंतल्या कोपऱ्याकडे, दुसरी कानाच्या पुढील कडेकडे. या दोन पातळ्या जेथें छेदतात ती रेषा हाच नळीचा मार्ग. सहा-साडेसहा सेंटिमीटरांच्या आंत पाणी लागावें.

परंतु पुस्तकांतील आकृति जागची हलत नाहीं, मेंदू हलतो. सुजेनें पोकळी चिरेसारखी अरुंद होते, गांठीमुळें एका बाजूस सरते. वाटेंत एकादी रक्तवाहिनी दुखावली तर रक्त सांडतें. बहुतेक वेळां तें थोडें असतें, पण क्वचित् जिवावर बेततें. १९१८ मध्यें डँडी यांनीं पोकळींत हवा भरून क्ष-किरणांनीं तिची आकृति पाहिली. १९७१ मध्यें हौन्सफील्ड यांच्या यंत्रानें पहिल्या रोग्याच्या मेंदूचें छेदचित्र घेतलें, आणि पुढें नळीचें टोंक कोठें बसलें हें स्पष्ट दिसूं लागलें. अमेरिकेंत २००८ मध्यें प्रसिद्ध झालेल्या ३४६ रोग्यांच्या पाहणींत शेंकडा ७७ नळ्या योग्य जागीं होत्या, शेंकडा १० बाजूला जाऊनहि काम देत होत्या, आणि शेंकडा १३ नको त्या जागीं गेल्या होत्या. शिक्षण घेणाऱ्या शस्त्रवैद्यांच्या हातांचा हा हिशेब आहे.

भारतांत या शस्त्रक्रियेचा विभाग १९४९ मध्यें वेल्लोर येथें डॉ. जेकब चँडी यांनीं सुरू केला. मुंबईंत या विद्येचा पाया घालणाऱ्यांत डॉ. राम गिंडे हे अग्रगण्य. दोघांचेंहि शिक्षण माँट्रिअल येथें झालें. क्षयानें गांजलेल्या आपल्या शहरांत, मेंदूज्वरानंतर डोक्यांत पाणी सांचलेलीं मुलें हा येथील वैद्यांचा नित्याचा अनुभव होता.

नळी नेमकी बसली तरी दुसरें भय उरतेंच. पाण्याला बाहेर येण्याची जी वाट, तीच जंतूंना आंत जाण्याची. संसर्गाचें प्रमाण निरनिराळ्या अहवालांत शेंकडा एक-दोनपासून विसापर्यंत दिलेलें आढळतें. या भयाशीं झालेल्या झगड्यांत मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावरील ट्रॉम्बे, आपलें जुनें तुर्भें, याचाहि वांटा आहे. तेथें १९५४ मध्यें स्थापन झालेल्या अणुशक्ति केंद्राला १९६७ मध्यें डॉ. होमी भाभा यांचें नांव देण्यांत आलें. त्याच केंद्रानें १९७४ मध्यें, संयुक्त राष्ट्रांच्या साहाय्यानें, आयसोमेड हा निर्जंतुकीकरणाचा कारखाना चालू केला. कोबाल्ट-६० मधून निघणारे गॅमा किरण बंद पुडक्यांतून आरपार जातात व आंतील जंतूंचा नाश करतात. २५ किलोग्रे ही त्याची रूढ मात्रा. ज्या प्लॅस्टिकला वाफेची उष्णता सोसत नाहीं, त्यालाहि बहुधा ही रीत चालते. शिवणीचे धागे, पट्ट्या, हातमोजे, सलाइनच्या नळ्या अशा वस्तु पुडकें फोडीपर्यंत निर्जंतुक राहूं लागल्या. ज्या अणूच्या नांवानें जग भ्यालें, त्याचा हा उपयोग शस्त्रक्रियागृहाच्या दारीं येऊन पोंचला.

पुडकें फुटल्यावर मात्र सारी भिस्त माणसांवर असते. १९४१ मध्यें बोस्टनच्या इन्ग्रॅहॅम व कँपबेल यांनीं बाहेरील हवेशीं संबंध न येणारी बंद निचऱ्याची योजना सुचविली. पुढें नळी कातडीखालून कांहीं अंतर नेऊन दूर बाहेर काढण्याची चाल पडली. जोड जितक्या कमी वेळां उघडावा तितकें बरें. पाण्याची पातळी रोग्याच्या कानाशीं मोजतात; पिशवी फार खालीं गेली तर पाणी अति वाहून मेंदूभोंवतीं रक्तस्राव होऊं शकतो, फार वर राहिली तर निचरा थांबतो. म्हणून आपल्या घरचें कोणी अशा स्थितींत रुग्णालयांत असेल, तर परिचारिकेस विचारल्यावांचून खाट वरखालीं करूं नये, रोग्यास उठवूं नये आणि नळीस हात लावूं नये. अडीच शतकांच्या खटपटीनें मिळालेली ही वाट सुरक्षित ठेवण्यांत घरच्या माणसांनाहि एवढें काम आहे.