बेंद्रे, नारायण श्रीधर : बिंदुचित्रणातील रंगविचार

बेंद्रे, नारायण श्रीधर (२१ ऑगस्ट १९१०–१९९२). इंदूरच्या मराठी कुटुंबात जन्मलेले चित्रकार व कलाशिक्षक. शिक्षण इंदूरला द. दा. देवळालीकर यांच्याकडे, १९३३ मध्ये मुंबईची शासकीय पदविका. पद्मश्री (१९६९), पद्मभूषण (१९९२).

बडोद्याचे अध्यापन सोडून मुंबईला आल्यानंतरच्या काळात बेंद्रे यांनी रंगांचे बारीक ठिपके शेजारी-शेजारी ठेवून अनेक चित्रे रंगवली. तेवढ्यावरून त्यांना फ्रान्सच्या झॉर्झ सराचे अनुयायी ठरवणे घाईचे होईल. ‘ग्रांद जात’ (१८८४–८६) रंगवणाऱ्या सराला फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शेव्हरलच्या १८३९ च्या रंगविरोधावरील ग्रंथाचा आधार होता : तांबड्याशेजारी हिरवा ठेवला की दोघेही उजळतात. बेंद्रे यांचा ओढा अशा पूरक रंगांच्या झुंजीपेक्षा जवळजवळच्या छटांकडे अधिक दिसतो. पोलादपूरहून पावसाळ्यात आंबेनळी घाटाकडे पाहिले, तर झाडाझाडाचा हिरवा वेगळा ओळखता येत नाही, तरी डोंगर एकरंगी होत नाही. बेंद्रे यांच्या ग्रामीण स्त्रियांच्या सपाट, लांबट आकृतींना ठिपके असेच जिवंत ठेवतात. फरक रेषेच्या ठामपणात शोधू नये, कारण सराच्या आकृतीही ठाम कडांच्याच आहेत. सराचा ठिपका प्रकाशाचे पृथक्करण करतो, बेंद्रे यांचा आकाराच्या अंगावर रंग खेळवतो.

ठिपक्यांकडे वळणे हा निव्वळ शैलीबदलाचा छंद होता, असा आक्षेप घेता येतो. १९५५ चे ‘द थॉर्न’ घनवादी वळणाचे, पुढे अमूर्ताचे प्रयोग, मग ठिपके. धरसोड म्हणावी असाच हा आलेख. पण सुरुवातीच्या निसर्गचित्रांत उघड्यावरचा उजेड पकडण्याची सवय त्यांच्या हाताला लागली होती. घनवादाने त्यांना आकाराची बांधणी दिली, मात्र तिथे रंग काहीसा मागे सरला. ठिपक्यांत बांधणी शाबूत राहून तो परतला. या चित्रांतली काही निव्वळ गोडव्यावर थांबतात, हे मात्र कबूल करायला हवे.

ठिपक्यांची परंपरा त्यांच्यामागे उभी राहिली नाही, हा दुसरा आक्षेप वस्तुस्थिती म्हणून खरा, पण प्रभावाचे माप म्हणून तोकडा. १९५० ते १९६६ या बडोद्याच्या वर्षांत ते विद्यार्थ्यांसमोर स्वतःच सतत पद्धती बदलत होते, आणि ठिपक्यांचा बहर त्यानंतरचा. ज्योती भट्ट, शांती दवे, गुलाम मोहम्मद शेख हे त्यांचे विद्यार्थी. तिघांची चित्रे शेजारी मांडली तर गुरू एकच होता असा संशयही येणार नाही.