पडदा सावरला, दाबाचे काय?

डोळ्याच्या आतल्या पडद्याला मराठी पुस्तकात दृष्टिपटल म्हणतात. बोलताना आपण नुसते 'डोळ्याचा पडदा' म्हणतो. उर्दूत त्याचे नाव 'शबकिया'. अरबी 'शबका' म्हणजे जाळे, त्यावरून हा शब्द झाला. नवव्या शतकात बगदादमध्ये हुनैन इब्न इसहाक या ख्रिस्ती हकिमाने ग्रीक वैद्यक अरबीत आणले आणि डोळ्यावर दहा प्रकरणांचा ग्रंथ लिहिला. पुढे बाराव्या शतकात इब्न सीना यांचा 'अल-कानून' लॅटिनमध्ये गेला, तेव्हा जाळ्यासाठी लॅटिन 'रेते' हा शब्द वापरला गेला आणि त्यातून 'रेटिना' आला. आज डॉक्टरांच्या चिठ्ठीवर 'रेटिना' लिहिलेले असते, ते असे बगदादवरून फिरून आलेले आहे.

या जुन्या हकिमांना डोळा बराच कळला होता. मोतीबिंदूला ते 'नुजूल-उल-मा', म्हणजे पाणी उतरणे, म्हणत. मोसुलचे अम्मार इब्न अली यांनी सुमारे 1000 साली पोकळ सुईने मोतीबिंदू ओढून काढण्याची पद्धत लिहून ठेवली. बगदादच्या अली इब्न ईसा यांचा 'तजकिरतुल कहालीन' हा ग्रंथ नेत्रवैद्य शतकानुशतके वापरत होते. पण दोन गोष्टी त्यांच्या आवाक्याबाहेर होत्या. एक, सुटलेला पडदा परत बसवणे. दुसरी, डोळ्याच्या आतला दाब मोजणे. या दोन्ही गोष्टी माणसाने पुढे शिकून घेतल्या; पण पहिली साधताना दुसरीच आडवी येते, असेही त्याच्या लक्षात आले.

आधी दाबाची गोष्ट. डोळ्याच्या पुढच्या भागात एक स्वच्छ पाणी सतत तयार होते आणि बुबुळाच्या कडेच्या बारीक जाळीतून बाहेर जाते. नळ चालू आणि मोरी मोकळी, असा हा हिशेब आहे. मोरी तुंबली की दाब वाढतो, मागची नस दबते आणि नजर कडेकडून कमी होत जाते. हाच काचबिंदू, उर्दूतला काला मोतिया. गेलेली नजर परत येत नाही.

डोळा कडक होणे आणि हा आजार यांचा संबंध ग्लासगोच्या विल्यम मॅकेन्झी यांनी 1830 च्या आपल्या ग्रंथात स्पष्ट मांडला. 1857 साली बर्लिनच्या फॉन ग्रेफे यांनी बुबुळाचा छोटा तुकडा काढून दाब उतरवण्याची शस्त्रक्रिया जगापुढे ठेवली. तरी मोजमाप बोटांनीच होत होते. पापणीवरून डोळा चाचपायचा आणि अंदाज बांधायचा. 1905 साली नॉर्वेच्या श्योट्झ यांनी हातात मावेल असे उपकरण केले आणि दाबाला आकडा मिळाला. 1950 च्या दशकात गोल्डमन यांचे अधिक अचूक यंत्र आले. साधारण 10 ते 21 मिलिमीटर पारा हा निरोगी डोळ्याचा दाब मानला जातो.

या इतिहासात आपली मुंबईही आहे. ग्रँट मेडिकल कॉलेजचे प्राध्यापक आणि सर कावसजी जहांगीर नेत्र रुग्णालय सांभाळणारे मेजर हर्बर्ट यांनी 1903 साली काचबिंदूवर एक नवी वाट मांडली. डोळ्यातले पाणी बाहेरच्या पातळ आवरणाखाली झिरपेल अशी कायमची फट ठेवायची. 1909 साली मद्रासच्या सरकारी नेत्र रुग्णालयात एलियट यांनी त्याच कामासाठी बारीक गोल भोक पाडण्याची पद्धत सुरू केली, आणि ती जगभर गेली. आजची काचबिंदूची नेहमीची शस्त्रक्रिया 1968 साली केर्न्स यांनी मांडली. तिचे मूळ याच विचारात आहे.

आता पडद्याची गोष्ट. शंभर वर्षांपूर्वीपर्यंत पडदा सुटला की डोळा गेला, असेच समजत. स्वित्झर्लंडचे ज्यूल गोनें यांनी 1920 च्या दशकात दाखवून दिले की पडद्याला पडलेले छिद्र शोधून बंद केले तर पडदा परत बसतो. पुढे बाहेरून पट्टा आवळणे आले. 1962 साली सिबिस यांनी डोळ्यात सिलिकॉन तेल भरण्याचा अनुभव मांडला. 1970 साली मियामीत माखेमर यांनी डोळ्यातला गर बारीक छिद्रातून काढण्याची शस्त्रक्रिया केली. पाठोपाठ पसरणारे वायू आले. भारतात बोस्टनहून पडद्याची शस्त्रक्रिया शिकून आलेल्या डॉ. बद्रीनाथ यांनी 1978 साली चेन्नईत शंकर नेत्रालय उभारले. त्या काळापासून हे उपचार आपल्याकडे रुजत गेले.

या सगळ्या उपायांत एक गोष्ट समान आहे. पडदा जागेवर धरून ठेवायला डोळ्याला बाहेरून आवळावे लागते किंवा आत काहीतरी भरावे लागते. आवळले की आतली जागा कमी होते. भरलेला वायू पहिल्या काही दिवसांत फुगू शकतो. तेल पाण्याहून हलके असते. ते पुढे सरकून बाहुलीची वाट अडवू शकते, आणि फार काळ राहिले तर त्याचे बारीक थेंब होऊन तीच मोरी तुंबवतात. सूज उतरावी म्हणून दिलेल्या स्टेरॉइडच्या थेंबांनीही काही जणांचा दाब काही आठवड्यांत चढतो. म्हणजे दाब वाढला याचा अर्थ शस्त्रक्रिया बिघडली असा नाही. ही माहीत असलेली अडचण आहे, आणि वेळेवर मोजली तर बहुतेक वेळा थेंबांनी किंवा गोळ्यांनी आवरता येते.

वेळेवर मोजणे, इथेच आपले घोडे अडते. पुसद, उमरखेड, वणी किंवा आर्णीचा माणूस पडद्याच्या शस्त्रक्रियेसाठी नागपूर किंवा हैदराबाद गाठतो. दिसू लागले की पुन्हा तेवढा प्रवास, तेवढा खर्च आणि बुडालेली मजुरी जिवावर येते. सोयाबीन काढायचे असते, कापूस वेचायचा असतो. सावकाश चढणारा दाब तर दुखतही नाही. एकदम चढला तर डोके ठणकते, उलटी होते, आणि घरचे म्हणतात पित्त झाले. पित्ताची गोळी घेऊन दोन दिवस काढले जातात, आणि त्या दोन दिवसांत नस दबत राहते. शस्त्रक्रिया झालेल्या डोळ्यात दुखणे, डोकेदुखी, मळमळ किंवा अंधुक दिसणे सुरू झाले तर त्याच दिवशी जवळच्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे दाब मोजून घ्यावा. त्यासाठी हैदराबादची वाट पाहू नये. जुनी चिठ्ठी दाखवून मेडिकलमधून स्टेरॉइडचे थेंब पुन्हा आणू नयेत. आणि तेल भरले असेल तर ते कधी काढायचे, ती तारीख डॉक्टरांकडून लिहूनच घ्यावी.

आपल्या घरांतले आणखी दोन प्रश्न आहेत. पहिला रमजानचा. दाबाचे थेंब रोज ठरल्या वेळी घालायचे असतात. महिनाभर ते बंद ठेवणे नजरेच्या जिवावर बेतू शकते. हनफी फिकहमध्ये डोळ्यात औषध किंवा सुरमा घातल्याने रोजा तुटत नाही, घशात चव लागली तरी नाही. आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीनेही 1997 च्या जेद्दा बैठकीत डोळ्यांचे थेंब रोजा न मोडणाऱ्या गोष्टींत धरले आहेत. औषध घशात आले तर ते गिळू नये, एवढेच. दुसरा प्रश्न प्रवासाचा. डोळ्यात वायू असताना विमानात बसायचे नाही. उंचावर हवेचा दाब उतरतो, आतला बुडबुडा फुगतो आणि डोळ्याचा दाब धोक्याच्या पातळीवर जातो. वायू विरायला प्रकाराप्रमाणे दोन ते आठ आठवडे लागतात. उमऱ्याचे तिकीट निघालेले असो की नागपूरहून हजचे विमान ठरलेले असो, आधी डॉक्टरांना विचारावे. तसेच सजदा कधीपासून करायचा, तेही विचारावे. आजारी माणसाला बसून किंवा इशाऱ्याने नमाज पढण्याची सवलत दीनने दिलेलीच आहे.

बोटाने चाचपण्यापासून आकड्यापर्यंत यायला नेत्रवैद्यकाला किती पिढ्या लागल्या, ते वर आलेच आहे. आज तो आकडा पाच मिनिटांत मिळतो. घरात कुणाच्या पडद्याची शस्त्रक्रिया झाली असेल, तर "दिसते का?" असे विचारून थांबू नका. "दाब किती निघाला, पुढची तारीख कोणती?" हेही विचारा.