तक्रारीची वाट न पाहणारा निरीक्षक

३० ऑक्टोबर १८५८ च्या शनिवारी इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डच्या बाजारात विल्यम हार्डेकर या विक्रेत्याने पेपरमिंटच्या गोळ्या विकल्या. साखर महाग, म्हणून तिच्यात जिप्समसारखी स्वस्त पांढरी पूड मिसळायची, ही तिथल्या मिठाईच्या धंद्यातली नित्याची रीत होती. या खेपेला औषधाच्या दुकानातल्या मदतनिसाने भलत्याच पिंपातली पूड दिली आणि त्या पिंपात सोमल होता. सुमारे २० जण दगावले, २०० हून अधिक आजारी पडले. गोळ्या नेहमीसारख्या दिसत नाहीत हे हार्डेकरच्या ध्यानात आले होते. पण माल परत करण्याऐवजी त्याने मिठाई बनवणाऱ्याकडून भाव पाडून घेतला. मनुष्यवधाचे आरोप ठेवले गेले, शिक्षा मात्र कोणालाच झाली नाही. हा निव्वळ अपघात होता असे म्हणता येईल, पण ते अर्धेच खरे आहे. सोमल चुकून गेला. भेसळीची पूड मात्र जाणूनबुजून मागवलेली होती, आणि ती मागवण्यात काही गैर आहे असे धंद्यात कोणालाच वाटत नव्हते.

माहितीची उणीव होती असेही नाही. फ्रेडरिक अकमचे भेसळीवरचे पुस्तक १८२० सालचे. १८५१ पासून डॉ. आर्थर हॅसॉल पावातली तुरटी आणि सूक्ष्मदर्शकाखाली कॉफीतली चिकोरी पकडत होते, आणि ‘लॅन्सेट’ हे वैद्यकीय नियतकालिक दुकानदारांची नावे पत्त्यांसह छापत होते. तरीही १८६० चा कायदा आला तो दुबळाच. स्थानिक संस्थांना वाटलेच तर त्यांनी विश्लेषक नेमावा, आणि ज्याला शंका येईल त्या गिऱ्हाइकाने स्वतः शुल्क भरून पदार्थ तपासून घ्यावा, अशी त्याची रचना होती. रोजच्या पावाची भ्रांत असलेला मजूर तपासणीसाठी पैसे कुठून आणणार? नगरपालिकांत दुकानदारांचेच वजन, त्यामुळे विश्लेषक फारच थोड्या ठिकाणी नेमले गेले. चित्र पालटले ते १८७२ आणि १८७५ च्या कायद्यांनी. आरोग्य, बाजार आणि वजन-मापांचे अधिकारी आता कोणाच्या तक्रारीवाचून दुकानात जाऊन नमुना विकत घेऊ लागले.

स्पर्धेनेच भेसळ हटली असती, असा एक आक्षेप आहे. रॉचडेलच्या सहकारी दुकानाने १८४४ पासून शुद्ध माल विकून दाखवला, हे खरेच. पण तिथे रोख मोजावी लागे, आणि वाण्याच्या उधारीत अडकलेल्या कुटुंबाला दुकान बदलण्याची सोय नव्हती. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: निरीक्षकच लाच खाऊ लागला तर? ही भीती खोटी नाही. तिच्यावरचा उतारा १८७५ च्या कायद्यातच सापडतो. नमुना विक्रेत्यासमोर तीन भागांत विभागून मोहोरबंद करण्याची तयारी अधिकाऱ्याने दाखवायची. एक भाग विक्रेत्याकडे, एक विश्लेषकाकडे, एक पुढच्या पडताळणीसाठी राखून. अधिकाऱ्याच्या शब्दावर विसंबण्याची गरजच त्यामुळे कमी झाली.

हीच तीन भागांची पद्धत आपल्या १९५४ च्या अन्नभेसळ प्रतिबंधक कायद्यात आली. त्याची जागा घेणाऱ्या २००६ च्या कायद्याने भाग चार केले. शुल्क भरून पदार्थ तपासून घेण्याचा ग्राहकाचा हक्क जुन्या कायद्यात होता, नव्यातही आहे, आणि तो असायलाच हवा. पण त्याच्या भरवशावर निरीक्षकांची पदे रिकामी ठेवणारे शासन १८६० च्या कायद्याकडेच परत जात असते.